मशीनबाईचा नारळ

गुरुवारी सकाळी मायची चादर कोरडी निघाली आणि मी घाबरलो.

दीड वर्ष आम्ही त्या ओल्या चादरीला वैतागलो होतो. माय, म्हणजे झुंबरबाई, कुंभार पिंपळगावच्या शेतात बांधावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून जुन्या जालन्यातल्या माझ्या घरात खाटेवर होती. दिवसाला दोन लुगडी, तीन चादरी, वर गोधडी. मेडिकलमधून मोठ्या माणसांचे लंगोट आणून पाहिले, तर पुठ्ठा बांधल्यासारखं वाटतं म्हणून तिने फाडून टाकले. मला खोटं बोलता येत नाही, किती तरी वेळा त्या चादरी बघून मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण कोरडी चादर त्याहून वाईट असते हे त्या दिवशी कळलं. मंगळवार दुपारपासून मायने पाणी बंद केलं होतं. प्यायचंच नाही, म्हणजे ओलं व्हायचं नाही, म्हणजे कुणाला धुवायला लागायचं नाही. तिसरी शिकलेल्या बाईने हे असं गणित सोडवलं होतं.

मी पाण्याचा चमचा तिच्या ओठाला लावला. तिने दात आवळले. ओठांना भेगा पडल्या होत्या आणि जीभ पांढरीफटक झाली होती.

"मशीनबाई झाली का चालू?" तिने विचारलं.

"झाली."

"मंग ऐकू दे."

मशीन तर शुक्रवारपासून बंद होतं. तिची खाट आणि कपडे धुवायचं मशीन यांच्यामध्ये फक्त दाराची चौकट होती. मशीन बोळीत, न्हाणीच्या तोंडाशी. त्याचं पाणी भरणं, घुसळणं, उपसणं आणि शेवटचं गरगर फिरणं तिला पाठ होतं. तिला फसवणं शक्य नव्हतं.

ते मशीन माझ्या बायकोने, कौसल्याने हट्टाने आणलं होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ऑटोमॅटिक मशीन म्हणजे दुष्काळात कारंजं. माझं डोकं गरम, हे गल्लीला माहीत आहे, आणि गरम डोक्याची माणसं बहुतेक वेळा चुकतात हेही. त्या मशीनने आमचं घर सावरलं. गच्चीवरच्या टाकीला दाब नव्हता, नळी लावली की मशीन नुसतं पी-पी ओरडायचं. मग कौसल्याने युक्ती काढली. झाकण उघडून वरून चार बादल्या पाणी ओतायचं. मशीनला वाटायचं नळच आला. ते मुकाट कामाला लागायचं.

मायला त्या मशीनचा केवढा आधार! आधी कौसल्या हाताने धुवायची तेव्हा माय डोळे मिटून पडून राहायची. मशीन आल्यावर पहिल्यांदा मोकळेपणाने पाणी प्यायला लागली. म्हणायची, "हिला ना नाक हाये, ना डोळे. हिची कशाची लाज?" तिनेच त्याचं नाव मशीनबाई ठेवलं.

आणि मग त्या दसऱ्याला माय अडून बसली. आमच्याकडे दसऱ्याला औतं-अवजारं धुऊन पुजतात. गावी नांगर, पांभर, विळे, खुरपी एका रांगेत मांडून त्यांच्यापुढे नारळ फोडतात. शहरात आलो तरी माझी मोटारसायकल आणि कौसल्याचं शिलाई मशीन पुजलं जायचंच. त्या वर्षी, दोन हजार सहाला, माय खाटेवरून म्हणाली, "मशीनबाईची पूजा आधी. माझी लाज तिनं झाकली." मी हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आपट्याची पानं ठेवली आणि नारळ उंबऱ्यावर फोडायला निघालो. "उंबऱ्यावर काय फोडतो? तिच्या डोक्यावर फोड," माय म्हणाली. मी मशीनच्या कोपऱ्यावर टणकन नारळ मारला. तो दोन भकलं झाला, अर्धं पाणी तांब्यात गेलं आणि अर्धं सांडलं. माय हसली. सणासुदीची माय हसली, यापलीकडे मी काही पाहिलं नाही.

चार दिवसांनी, शुक्रवारी, मशीनचे दिवे एकदा लुकलुकले आणि विझले. कंपनीला फोन केला, तर माणूस औरंगाबादहून येणार, पंधरा दिवस लागतील. शनिवार-रविवार कौसल्याने हाताने धुतलं. रविवारी ती बादली उचलताना न्हाणीत घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर घालून घरी आणलं त्या संध्याकाळी मी तिला काय म्हणालो ते मला आजही लिहायची लाज वाटते. म्हणालो, "बादलीनं पाणी ओतून ओतून तूच मशीन घालवलंस. बटनांवर सांडत होतीस रोज. आता भोग."

तिने डाव्या हाताने मला जेवायला वाढलं.

सोमवारी मी स्वतः बाह्या सावरून मायचं लुगडं भिजवायला बसलो. तिने दारातून ते पाहिलं आणि असा हंबरडा फोडला की शेजारचे धावत आले. "लेकानं मायचं लुगडं धुवू न्हाई! माझ्या तोंडात माती नको घालू, मच्छिंदा! हात लावशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील!"

"तू नाही का माझे लंगोट धुतले?" मी म्हणालो.

"तवा तू तान्हा व्हतास. मी तान्ही हाये का?"

तिची आण. आमच्याकडे आईची आण म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळतं. ती मोडायची माझी हिंमत झाली नाही. लुगडं तसंच टपात राहिलं. मंगळवारी धुणीभांडी करणाऱ्या उषाबाईला बोलावलं. तिने टपावरचं झाकण उचललं, नाकाला पदर लावला आणि कौसल्याला म्हणाली, "ताई, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." हळूच म्हणाली, पण मायचे कान शाबूत होते. त्या दुपारपासून तिने पाणी सोडलं.

तर गुरुवारी सकाळी मी डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. सलाईन लावलं, पण डॉक्टर गेल्यावर दहा मिनिटांत तिने ते उपटून काढलं. मी पुन्हा पळत त्यांच्या दवाखान्यात गेलो. ते म्हणाले, "तोंडानं पाणी जाऊ द्या. उद्या दुपारपर्यंत लघवी झाली नाही तर औरंगाबादला हलवावं लागेल. किडनीचं काही खरं नाही." आणि पुढे म्हणाले, "या हाडांनी तेवढा प्रवास तिला झेपेल असं मी म्हणणार नाही."

मी तिथून घरी गेलोच नाही. तडक बद्रीनाथच्या दुकानात गेलो.

बद्रीनाथ टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करतो. एका पायाने अधू आहे, दुकान सोडत नाही. मी त्याच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. मायचं पाणीसुद्धा. त्याने हातातली सोल्डरिंगची डागणी बाजूला ठेवली.

"मच्छिंद्रभाऊ, मला मशीन इथं आणून द्या म्हणणार न्हाई, तेवढा टाइम न्हाई तुमच्याकडं. हे मीटर घ्या. प्लग काढायचा, मंगच हात घालायचा. चालू करंटात बिलकुल मोजायचं न्हाई. आन एक ध्यानात ठेवा, बोर्डावर, म्हंजे मशीनच्या मेंदूवर, संशय सगळ्यात शेवटी. आधी बाकीच्यांना एकेक करून सोडवा. पहिल्या झटक्यात बोर्ड बदलणाऱ्याला दोनदा बोर्ड बदलावा लागतो."

मी बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासतो. ओल्या कागदात शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी उभी ठेवायची, ठरल्या दिवशी उघडून मोजायचं. दाणा मेला की जिवंत, हे सांगायला मला पगार मिळतो. म्हटलं, हेही तसंच. एकेक दाणा.

घरी येऊन आधी भिंतीतल्या सॉकेटमध्ये इस्त्री लावून पाहिली. तापली. सॉकेट सुटलं. प्लग काढून मशीनच्या वायरची दोन्ही टोकं मीटरला लावली, मीटर पीप म्हणालं. वायर सुटली. झाकणाखालचं बटन, झाकण बंद केलं की पीप, उघडलं की गप्प. तेही सुटलं. मग मशीनचं मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. पाणी घेणारा व्हॉल्व्ह, पाणी सोडणारी मोटर, मोठी मोटर, एकेकाची वायर उपटून, कागदावर रंग लिहून, मीटर लावलं. प्रत्येकाचा आकडा मी फोनवर बद्रीनाथला वाचून दाखवला आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला, "बराबर हाये. पुढचं." कौसल्या डाव्या हाताने बॅटरी धरून उभी होती. माय खाटेवरून बघत होती. घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आता वरचं," बद्रीनाथ म्हणाला.

बटनांच्या पट्टीचे पाच स्क्रू काढले. पट्टी उचलली आणि आतून लाल मुंग्यांची रांग निघाली.

मी दचकून मागे झालो. मुंग्या? साबणाला मुंग्या लागत नाहीत. आत सगळ्या भागांवर मेणासारखा पारदर्शक थर ओतलेला तो बोर्ड होता. एका कोपऱ्यात थर सुटला होता, तिथे तांबडट, चिकट काहीतरी वाळलं होतं. वायरींच्या टाचण्यांवर हिरवं किटण चढलं होतं. मी बोट लावून वास घेतला. खवट खोबऱ्याचा वास. बाजूला नारळाच्या शेंडीचा एक तंतू आणि कुंकू.

बादलीचं पाणी तिथवर जातच नव्हतं. बादली पुढून ओतली जायची. बोर्डाचा हा कोपरा मागच्या बाजूला होता. बरोबर तिथे, जिथे मी नारळ मारला होता.

कौसल्याने बॅटरी खाली वाकवली. तिलाही दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिचं प्लास्टर माझ्या नाकासमोर होतं. चार दिवस मी त्या प्लास्टरवर खेकसत होतो. एक नारळ मी फोडला, त्याने मशीन गेलं, मशीन गेलं म्हणून तिचा हात गेला, हात गेला म्हणून मायचं पाणी गेलं. आणि मी शिव्या कुणाला घातल्या? "चुकलं" म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. निर्लज्जासारखा म्हणालो, "बॅटरी नीट धर."

बद्रीनाथला नारळाचं सांगितलं तर तो हसला नाही. "दसरा झाला की आठ दिवस माझ्याकडं हीच गर्दी राहती. दोन टीव्ही आन एक टेपरेकॉर्डर पडून हायेत नारळपाण्याचे. बोर्ड गेला समजा. औरंगाबादच्या दुकानाला फोन करतो, उद्या सकाळच्या यष्टीनं धाडील. तवर दाताच्या ब्रशनं, स्पिरिटानं घासून, उन्हात वाळवून बघा. लागला तर लागला."

मी घासला. मुंगीन् मुंगी काढली. कुंकू काढलं. दोन तास बोर्ड गच्चीवर उन्हात ठेवला आणि शेजारी मी बसलो, कावळ्याने नेऊ नये म्हणून. ऑक्टोबरचं ते ऊन. मनात एकच घोकत होतो की खाली ती तहानलेली आहे आणि मी इथे एक प्लास्टिकची पाटी राखत बसलोय.

चार वाजता लाईट आली तेव्हा सगळं जोडून प्लग लावला. मशीनचे दिवे लागले! बटन दाबलं. मशीन घरघरलं आणि आतला टप एका बाजूला हलला.

"माय! ऐक!"

कौसल्या चमचा घेऊन धावली. मायने डोळे उघडले, आवाजाकडे मान वळवली, आणि तोंड उघडलं. एक चमचा. दुसरा चमचा. तिच्या गळ्याची ती घाटी वर-खाली झालेली मी पाहिली. तिसरा चमचा भरला तेवढ्यात आतून तडतड आवाज आला, जळकट वास सुटला, आणि मशीन मेलं.

"थांबली," माय म्हणाली. आणि तिने दात आवळले.

मी भिंतीवर डोकं आपटलं. खरंच आपटलं, एकदा. कौसल्या तिसरा चमचा तसाच धरून उभी होती.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. शुक्रवारी साडेनऊची बस पावणेअकराला आली. कंडक्टरने वर्तमानपत्रात गुंडाळलेला खोका माझ्या हातात दिला आणि मी मोटारसायकल अशी हाकली की बाजारातल्या दोघांनी मागून आईवरून शिवी दिली. आमच्या भागात बारा ते चार लोडशेडिंग असायचं. बाराचा ठोका म्हणजे बाराचाच, त्यात कधी एका मिनिटाची चूक नाही. माझ्याकडे तास होता, फार तर.

नवा बोर्ड जुन्याशेजारी ठेवून आधी ताडून पाहिला. टाचण्या तेवढ्याच, जागा त्याच. कागदावर लिहिलेले रंग वाचत एकेक वायर खोचली. निळी, पांढरी, तांबडी. एक पिवळी उरली. तिची जागा कागदावर नव्हती. मी कागद उलटून पाहिला. कौसल्या वाकून म्हणाली, "ती झाकणाच्या बटनाची. काल तुम्ही मला धरायला दिली होती, लिहिली नाही." तिने डाव्या हाताने जागा दाखवली. पाच स्क्रू आवळले. बाराला वीस कमी.

मशीनच्या टपात दोन लुगडी, तीन चादरी. कौसल्याने पावडर टाकली, मी चार बादल्या ओतल्या, पट्टीवर प्लास्टिकचा कागद अंथरून ओतल्या. बटन दाबलं.

मशीन सुरू झालं. आवाज स्वच्छ, न अडखळता. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. मी पेला भरून मायपाशी गेलो. तिची नजर आता एका जागी ठरत नव्हती.

"माय, नवं काळीज बसवलंय तिला. घे पाणी."

ती पुटपुटली. कान तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं. "होऊ दे पुरं. काल बी सुरू झाल्ती."

"अर्धा तास लागेल गं!"

"मंग अर्ध्या घंट्यानं."

काय करावं या बाईला? मी पेला घेऊन तिथेच बसलो. मशीन घुसळत होतं. मी घड्याळ बघत नव्हतो, बघवत नव्हतं. आणि मग पंखा हळू झाला. मशीन थांबलं. गल्लीतले सगळे रेडिओ एकदम बंद पडले. बारा वाजले होते.

चांगलं मशीन, नवा बोर्ड, सगळ्या वायरी जागेवर. आणि लाईट चार वाजता. डॉक्टरांची दुपार त्याच्या आधी संपत होती.

"थांबली," माय म्हणाली. इतकंच. तक्रार नाही, काही नाही.

मी उठलो, पेला आपटला, मशीनचं झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात घालून ते लुगडं ओढून काढलं. नऊ वार, हिरवं इरकली, फेसाने माखलेलं. ते न्हाणीतल्या टपात टाकून टप फरफटत मायच्या दारात आणला, तिच्या समोर, आणि फतकल मारून बसलो.

"ही बघ तुझी आण. मोडली! आता काय व्हायचं ते होऊ दे. मरायचं तर मर, पण पाणी पिऊन मर!"

"अहो!" कौसल्या ओरडली.

"बोलू दे मला! मशीन हिने नाही घालवलं. मी घालवलं. नारळ मी फोडला, त्याचं पाणी आत गेलं. हिचा हात माझ्यामुळे मोडला आणि मी हिलाच टोचत बसलो. कौसल्या, चुकलं माझं. ऐकलंस? चुकलं." मी रडत होतो आणि लुगडं घासत होतो. नाकातलं पाणी पुसायला हात रिकामा नव्हता.

मायने तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळे मिटून घेतले. मी घासत राहिलो. साबणाच्या वडीने सगळीकडे रेघा ओढल्या, काठ धरून चोळला, दोन बादल्यांत बुचकळलं. मग पिळायला घेतलं. नऊ वार लुगडं एकट्याने पिळणं म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं. एक टोक पिळलं की दुसरं सुटायचं, मधला भाग फरशीवर लोळायचा, पाणी माझ्याच पायावर. पुन्हा बुचकळलं, पुन्हा पिळलं, पुन्हा लोळलं. कौसल्या एक टोक धरायला वाकली, पण एका डाव्या हाताने तिला ते पेलेना. ओझं लागताच ते हातातून निसटायचं.

"आरं, घासून राह्यला का खाजवून राह्यला?"

मी वर पाहिलं. मायने मान वळवली होती.

"काठ चोळू न्हाई. रेशीम हाये. आन असं पिळत्यात का? समद्या घरात पाणी केलं." तिचा आवाज खरखरत होता, तुटत होता, पण त्यात राग होता. तीन दिवसांनी तिच्या आवाजात काहीतरी होतं. "दोघं लागत्यात नऊवारीला. एकानं धरायचं, एकानं पिळायचं. एकटा काय पिळतो, मूर्खा!"

"कुणाला बोलावू मग?" मी ओरडलो. "आहे कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कौसल्याच्या प्लास्टरकडे.

"फोड म्हणलं कोण व्हतं नारळ?" ती म्हणाली. "मीच ना."

आणि तिने गोधडीतून हात बाहेर काढला. पालथा नाही, उताणा.

"आण ते टोक."

मी लुगड्याचं ओलं टोक तिच्या हातात दिलं. तिने ते मनगटाभोवती एक वेढा घेऊन धरलं, जसं आयुष्यभर ओढ्यावर धरलं असेल. पकड अशी काही नव्हतीच. कौसल्या खाटेच्या कडेला बसली आणि आपला डावा हात तिने मायच्या मुठीवर आवळून धरला. मी दुसरं टोक घेऊन बोळीच्या तोंडाशी गेलो आणि पीळ देऊ लागलो.

"उलटा दे पीळ. उलटा. हां, आता बराबर."

पाणी धारेने टपात पडायला लागलं. लुगडं दोरखंडासारखं ताठ झालं. त्या टोकाला दोघींचे दोन हात एकमेकांत गुंतले होते, एक मायचा, एक कौसल्याचा डावा, आणि या टोकाला मी. माय धापा टाकत होती. पाण्याची ती धार बघत होती.

"पाणी," ती म्हणाली.

"निघालं सगळं, माय. कोरडं झालं बघ."

"ते न्हाई." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "मला दे. प्यायला."

कौसल्याने पेला लावला. तिने दोन घोट घेतले, ठसकली, पुन्हा घेतले. पेला संपला. दुसरा भरला, तो अर्धा झाला. मी लुगड्याचं टोक सोडलं नव्हतं, सोडायचं सुचलंच नाही. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, औरंगाबादची गाडी ठरवू नका अजून, थोडं थोडं देत राहा, संध्याकाळपर्यंत बघू. चार वाजता लाईट आली आणि मशीन मध्येच थांबलेल्या जागेवरून पुन्हा घुसळायला लागलं, पण तिकडे लक्ष कुणाचं होतं?

साडेपाचच्या सुमाराला मायने मला हाक मारली. हळू, चोरट्या आवाजात. मी जवळ गेलो.

"मच्छिंदा, चादर ओली झाली रे," ती म्हणाली, आणि तिने तोंडावर पदर ओढला.

मी तिच्या कमरेखाली हात घातला. ओली होती. गरम, चांगली हातभर ओली. मी गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडलो, "कौसल्या! चादर ओली झाली!" कौसल्या धावत आली, आणि आम्ही दोघं त्या चादरीकडे बघत येड्यासारखे हसलो. माय पदराआडून म्हणाली, "काय मेले दात काढून राह्यले." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मशीनबाई चालू हाये ना? मंग तिलाच टाक. तुझ्या हातचं काही निघत न्हाई."

चादर मी काढली. मशीनपाशी नेली, झाकण उघडलं, आणि तसंच पुन्हा मिटलं. ती एक चादर मी हाताने धुतली. मायला दिसत होतं. पिळायची वेळ आली तेव्हा तिने गोधडीतून हात बाहेर काढला.